हिशेब कोठून मांडावा?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांनी आपल्यातील अनेक कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. त्याच पट्ट्यातून पवना आणि इंद्रायणी वाहतात. २०२४ साली आळंदीस इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना लोकांनी पाहिला. मैलापाणी आणि रसायने नदीत एकत्र मिसळल्यावर ती स्वच्छ करण्याचा खर्च कोणी सोसावा?

विमा कंपन्यांपुढे हा प्रश्न अमेरिकेत तीव्रतेने उभा राहिला. तेथील १९८० च्या कायद्याने जुन्या प्रदूषणाचीही जबाबदारी संबंधितांवर टाकली आणि कित्येक वर्षांपूर्वीच्या विमापत्रांवर दावे येऊ लागले. माती किती खोल नासली, भूजल किती दूषित झाले, आपला वाटा किती, सारेच अनिश्चित! म्हणून संगणकाला प्रत्येक बाबीच्या शक्य मर्यादा दिल्या जातात आणि तो त्यांतून आकडे उचलून हजारो वेळा खर्च मांडतो. जुगारगृहासाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचे नाव या पद्धतीस मिळाले आहे. शंभरांपैकी पंचाण्णव वेळा पुरेल, एवढी रक्कम मग बाजूला ठेवता येते.

या गणितास आम्ही नावे ठेवीत नाही. अंदाजच न बांधणे हा अधिक मोठा बेजबाबदारपणा होय. परंतु ‘आमच्यावर किती पडेल?’ हा एक प्रश्न आणि ‘हानी किती झाली?’ हा दुसरा. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर आपल्याकडे १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता साहाय्य मिळावे, हा त्याचा मोठेपणा. मात्र मूळ कायद्यात मृत्यूसाठी २५,००० रुपये ठरले होते आणि तो अपघातांसाठी होता. थेंबाथेंबाने नासणाऱ्या नदीसाठी नव्हे. जे विमापत्रात नाही, ते विमा कंपनीच्या बेरजेत येत नाही. ते नदीकाठच्या विहिरीत उतरते. प्रदूषकाच्या जबाबदारीत पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्चही येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले, ते याचसाठी महत्त्वाचे.

शुभवर्तमानातील जक्कयाने हिशेब स्वतःच्या तिजोरीपासून नव्हे, तर नाडल्या गेलेल्या माणसापासून मांडला आणि चौपट परत देण्याचे वचन दिले. संगणकास असा माणूस दिसत नाही. त्यास केवळ नोंदी दिसतात. वाचकहो, आपल्यापैकी कोणी कारखान्यात सांडपाण्याच्या नोंदी ठेवीत असेल, तर तेथे खरा आकडा लिहिणे हीच भरपाईची पहिली पायरी होय.