पीठ मळायची फळी

जो शुस्टरकडे चित्रं काढायला टेबल नव्हतं. आई ज्या फळीवर पीठ मळायची, तीच तो मांडीवर घ्यायचा. शुक्रवारी मात्र फळी मिळायची नाही; त्या दिवशी साबाथचा, म्हणजे ज्यूंच्या पवित्र दिवसाचा, पाव व्हायचा. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातलं हे शिंप्याचं ज्यू घर. मंदीचे दिवस, हिवाळ्यात घर ऊबदार ठेवायला पैसे नाहीत, म्हणून पोरगं स्वेटरवर स्वेटर चढवून, हातमोजे घालून रेघा ओढायचं. कागद म्हणजे पुड्या बांधायचा तपकिरी कागद, नाहीतर वॉलपेपरची कोरी पाठ. नजर तर इतकी अधू, की डोळे कागदाच्या अगदी जवळ न्यावे लागायचे.

सुपरमॅन जन्मला तो याच हातांतून. ताकदीचं चित्र अशा मुलाने काढलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आधी मात्र हा सुपरमॅन खलनायक होता. जानेवारी १९३३मध्ये जोचा शाळासोबती जेरी सीगल याने आपल्या हस्तलिखितवजा मासिकात एक गोष्ट छापली. चित्रं जोची. गोष्टीतल्या टकल्या माणसाला दुसऱ्याच्या मनातलं कळू लागतं आणि त्या जोरावर त्याला जगावर राज्य करायचं असतं. ताकद आली की माणूस दुसऱ्याला चिरडणार, असा तो विचार. त्याच महिन्यात जर्मनीत हिटलर चान्सलर झाला. पुढे या दोघांनी तोच विचार उलटा करून पाहिला: एवढी ताकद एखाद्या भल्या माणसाकडे असती तर?

या प्रश्नाला रूप दिलं जोने. सर्कशीतल्या पैलवानांचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख त्याने घेतला, मूकपटांतला नट डग्लस फेअरबँक्स याची कमरेवर हात ठेवून उभं राहण्याची ऐट घेतली आणि खांद्यावर झूल दिली. झूल फडफडली की स्थिर चित्रातही वेग दिसतो. लेखक विचार करतो आणि चित्रकार तो रंगवतो, अशी आपली समजूत असते. इथे चित्रकारानेही तेवढाच विचार केला होता.

वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या कंपन्यांनी त्यांना वर्षानुवर्षं नकार दिला. अखेर १९३८मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’ या चित्रकथांच्या मासिकाच्या पहिल्या अंकात तेरा पानं मिळाली. अंकाची किंमत दहा सेंट. त्या तेरा पानांतला सुपरमॅन उडत नाही, नुसत्या उंच उड्या मारतो. आणि करतो काय? मृत्युदंड होणाऱ्या निरपराध बाईला वाचवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो. तिसऱ्या अंकात खाणमालकाला त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून मजुरांचं जिणं दाखवतो. परग्रहावरचे शत्रू पुढे आले. सुरुवातीला त्याची गाठ होती ती घरमालक, खाणमालक, पुढारी यांच्याशी, म्हणजे जोच्या गल्लीतल्या माणसांना ज्यांची भीती वाटायची त्यांच्याशी.

त्या तेरा पानांसोबत सुपरमॅनचे सगळे हक्कही १३० डॉलरला प्रकाशकाकडे गेले होते. १९४७मध्ये दोघे कोर्टात गेले, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्यांची नावं सुपरमॅनवरून निघाली. जोची नजर आणखी गेली. उतारवयात तो न्यूयॉर्कमध्ये भावाच्या आधाराने राहत होता.

१९७५मध्ये सुपरमॅनवर मोठा सिनेमा येणार म्हटल्यावर सीगलने जाहीरपणे दाद मागितली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार सीगल आणि जो यांच्यासाठी उभे राहिले. या चित्रकारांचा स्वतःचा सुपरमॅनवर काडीचा हक्क नव्हता. आपल्या धंद्यातल्या दोन म्हाताऱ्या माणसांवर अन्याय झाला, एवढंच त्यांना दिसत होतं. तेरा पानांतला सुपरमॅन याच कारणासाठी धावून जायचा. डिसेंबरात सुपरमॅनचे हक्क असलेल्या कंपनीने सीगल आणि जो यांना दरसाल प्रत्येकी वीस हजार डॉलर आणि नाव, दोन्ही कबूल केलं. जो १९९२मध्ये गेला, तोवर त्याचं नाव अंकांवर छापलं जात होतं.

ते १३० डॉलर ज्या चेकमध्ये मिळाले, तो चेक २०१२मध्ये १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. त्यावर दोघांचीही नावं चुकीची लिहिलेली आहेत.