जपणूक आणि झीज

माणसाने माणसाशी कसे वागावे, ह्याचा विचार नीतिशास्त्राने पुष्कळ केला आहे. प्राणिमात्राशी कसे वागावे, ह्याविषयीही आपल्या परंपरेत सूक्ष्म विवेचन आढळते. परंतु जी वस्तू आपण रोज हाती घेतो, जिच्यावाचून आपले काम अडते, तिच्याविषयी आपले काही कर्तव्य आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तू निर्जीव आहे. तिला सुखदुःख नाही. तेव्हा ती वापरावी, मोडली म्हणजे टाकावी, असा सामान्य समज आहे. आम्हांस हा समज पुरेसा वाटत नाही. त्याची परीक्षा करण्यासाठी आम्ही मुद्दाम एक लहानशी वस्तू निवडली आहे. ती म्हणजे मिटून खिशात ठेवता येणारा चाकू.

बीदर जिल्ह्यातील औराद तालुक्यात चिंताकी हे गाव आहे. ह्या तालुक्यास एका अंगाने महाराष्ट्राची व दुसऱ्या अंगाने तेलंगणाची शीव लागते. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा ह्या टापूत कानी पडतात आणि चाकूला चारींतही चाकूच म्हणतात. आमच्या कोकणी वाचकांच्या घरी 'सुरी' हा शब्द अधिक चालत असेल. तो संस्कृत क्षुरिकेचा वंशज. चाकू हा शब्द फारसीच्या वाटेने आला आणि भाषांच्या सीमा न जुमानता सर्वांच्या खिशात जाऊन बसला. तूर-उडदाच्या ह्या मुलखात शेतकऱ्याच्या खिशातील चाकू दिवसभरात दोरी कापतो, पोत्याची शिवण उसवतो, उसाचे कांडे सोलतो आणि दुपारी भाकरीबरोबरचा कांदाही चिरतो. त्याचे मोल थोडे. पण तो हरवला तर दिवसाची दहा कामे खोळंबतात.

ह्याच वस्तूचे दुसरे एक रूप जगात आहे. अमेरिका, युरोप, जपान ह्या देशांत, आणि आता आपल्याकडील शहरांतही, उंची चाकूंचा शौक असणारे लोक आहेत. ह्या चाकूंच्या किमती काही हजारांपासून लाखाच्या घरात जातात. पाते चूर्णधातूच्या पद्धतीने बनविलेल्या पोलादाचे. त्याचा कठीणपणा रॉकवेल मापावर साठाच्या आसपास. मूठ टायटॅनियमची किंवा दुर्मिळ लाकडाची. ते विकत घेऊन शौकिनाचे समाधान होत नाही. तो चाकू खोलतो, मूठ बदलतो, खिळ्याभोवतीच्या ब्राँझच्या चकत्या काढून बारीक गोळ्यांच्या बेअरिंगा बसवितो. टायटॅनियमला विजेच्या साहाय्याने निळा-जांभळा रंग आणतो. हा रंग वरून लावलेला नसतो; धातूवर चढणाऱ्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे तो दिसतो आणि विजेचा दाब वाढवावा तसा पालटतो. ह्या उद्योगात नुसता पोरखेळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्यात ज्ञान आहे, हाताचे कसब आहे आणि संयमही आहे.

ह्या ठिकाणी पहिला प्रश्न उभा राहतो. पाते बदलले, पुढे मूठही बदलली, तर चाकू तोच राहिला काय? हा प्रश्न जुना आहे. फ्रेंच भाषेत 'जानोचा चाकू' असा वाक्प्रचारच आहे. एकदा पाते आणि एकदा मूठ बदलूनही जानो आपल्या चाकूला जुनाच चाकू म्हणतो. प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची हकीकत दिली आहे. अथेन्सच्या लोकांनी कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत ते जहाज टिकविले, आणि ते तेच की दुसरे, ह्यावर तत्त्वज्ञांत वाद पडला. आपल्याकडे मिलिंदप्रश्नात नागसेन भिक्षू ग्रीक राजास रथाचा दृष्टांत देतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही नव्हे. ह्या सर्वांच्या आधाराने चालणारे ते एक नाव आहे. लिख्टेनबर्ग ह्या जर्मन विचारवंताने तर १७९८ साली विनोदाने अशा चाकूची कल्पना केली की ज्याला पाते नाही आणि ज्याची मूठही हरवली आहे. तेथे नाव तेवढे शिल्लक उरते आणि ते हास्यास्पद होते.

आमच्या मते ह्या कोड्याचे उत्तर शेतकऱ्याच्या व्यवहारात सापडते. मूठ फुटली म्हणून त्याने बाभळीची नवी मूठ बसविली, तरी तो चाकूला नवा म्हणत नाही. कारण काम खंडित झालेले नाही आणि त्या कामाची जबाबदारी घेणारा हातही खंडित झालेला नाही. नागसेनाच्या बोधास आम्ही एवढीच पुरवणी जोडू इच्छितो: वस्तूचे नाव तिच्या अवयवांवर टिकते, त्याहून अधिक ते तिच्या कामावर आणि तिच्याविषयी जबाबदार असणाऱ्या माणसावर टिकते. ह्या मुलखाला ही गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. बीदर जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मोडून अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले आणि औरादसह उरलेला भाग म्हैसूर राज्यात आला. त्या राज्याचेही नाव १९७३ साली कर्नाटक झाले. मूठ इतक्या वेळा पालटली. पेरणीची, बाजाराची आणि सोयरिकीची कामे ज्यांनी चालू ठेवली, त्यांनी गावाचे गावपण राखले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे आणि आमच्या लेखाचा गाभा तोच आहे. चाकू जपावयाचा म्हणजे काय करावयाचे?

धार लावणे ही चाकूची मुख्य निगा. तिचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. निसण्यावर पाते एका ठरावीक कोनात धरून घासतात. हा कोन प्रत्येक बाजूने साधारण पंधरा ते वीस अंशांचा असतो. एक बाजू घासली की दुसऱ्या बाजूस धातूची केसाएवढी कोर वळते. ती बोटास जाणवली म्हणजे बाजू बदलावयाची. शेवटी चामड्यावर पाते फिरवून ती कोर झाडावयाची. ह्या सर्व क्रियेत धार 'लागत' नाही, पोलाद जाते. जे उरते त्याला आपण धार म्हणतो. ज्यांच्या घरी वीस-तीस वर्षे चाललेली सुरी आहे, त्यांनी तिचे पाते पाहावे. मूळचे रुंद पाते आता चिंचेच्या शेंगेएवढे अरुंद झालेले दिसेल. जितकी निगा घेतली तितकी ती सुरी झिजली. निगा आणि झीज ह्या विरोधी गोष्टी आहेत असे आपण मानतो. परंतु चाकूच्या बाबतीत निगा हीच झीज आहे.

हे सत्य ज्याला पेलत नाही तो दोहोंपैकी एका आडमार्गाने जातो. पहिला मार्ग म्हणजे वस्तू मुळीच न वापरणे. उंची चाकूंच्या शौकिनांत असे पुष्कळ आहेत. चाकू मखमलीच्या पेटीत राहतो. महिन्यातून एकदा निघतो. उघडतो, मिटतो, पुसला जातो आणि परत जातो. त्याच्या पात्याने कधी पेरूची फोड केलेली नसते. पोलाद पूर्ण शाबूत आहे. पण चाकू कोठे आहे? लिख्टेनबर्गच्या चाकूला पाते नव्हते; ह्या चाकूला पाते असून कापणे नाही. आम्हांस दोहोंत फारसा भेद दिसत नाही. संग्रहालयातील शस्त्रांची गोष्ट वेगळी. तेथे वस्तू इतिहासाचा पुरावा झालेली असते आणि पुरावा झिजविण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु जिवंत माणसाच्या खिशासाठी घडविलेली वस्तू त्याच्या हयातीतच पुरावा बनविणे, ही जपणूक नव्हे. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारे-अवजारे घासूनपुसून पुजतात, पण पुजून झाल्यावर ती पुन्हा कामाला लागतात. त्या रूढीत एक शहाणपण आहे. पूजा ही अवजाराची विश्रांती आहे, निवृत्ती नव्हे.

दुसरा आडमार्ग उलट दिशेचा. धारेचा सोस इतका की पाते रोज घासावयाचे. किंवा वेळ नाही म्हणून फिरत्या चाकावर ते जोराने दाबावयाचे. चाकावरच्या ठिणग्या पाहणाऱ्यास भुरळ घालतात, पण त्या ठिणग्या म्हणजे पात्याची वर्षे आहेत. शिवाय घर्षणाने पाते तापते आणि कड निळी पडली की त्या जागेचा कठीणपणा गेला असे समजावे. आपल्या भाषेत ह्याला नेमका शब्द आहे: पाणी उतरले. घिसाडी ऐरणीवर पोलाद घडवून त्याला पाणी देतो, ते पाणी अशा घाईने उतरते. मग कितीही घासले तरी धार ठरत नाही.

ह्या दोन टोकांमध्ये निगेचे खरे माप आहे. पुरेशी धार यावी आणि कमीत कमी पोलाद जावे, एवढेच ते माप. ऐकावयास सोपे, पण त्यासाठी हात स्थिर असावा लागतो, नजर असावी लागते आणि पुरे कोठे म्हणावे हे कळावे लागते. बाकीची निगा त्याच जातीची आहे. कांदा वा लिंबू चिरल्यावर पाते लगेच पुसावे. कारण गंज न चढणारे म्हणविल्या जाणाऱ्या पोलादावरही आंबट रस आणि मीठ वाळले तर डाग पडतात. सांध्यात तेलाचा एक थेंब पुरे; अधिक घातले तर त्यात धूळ बसून तेच तेल सांधा खाऊ लागते. खिळा फार आवळला तर चाकू उघडत नाही, सैल ठेवला तर पाते डुगडुगते. प्रत्येक ठिकाणी अधिक करण्याचा मोह आहे आणि प्रत्येक ठिकाणी थांबणे हेच कसब आहे.

तिसरा प्रश्न फेरफारांच्या मर्यादेचा. वस्तू आपली आहे म्हणून तिच्यात वाटेल तो बदल करावा काय? शोभेच्या फेरफारास आमचा विरोध नाही. पोळ्याला बैलाची शिंगे रंगविणाऱ्या शेतकऱ्यास सौंदर्याचे वावडे नाही. उद्या कोणी आपल्या चाकूच्या मुठीवर बिदरी कामाची पट्टी बसविली, तर जस्त-तांब्याच्या काळ्या भुईवर उमटलेली ती चांदीची वेल पाहून आम्हांस आनंदच होईल. अट एकच: शोभेने कामाच्या आड येऊ नये. नक्षी हातास बोचू लागली, चाकू पडेल ह्या भीतीने तो वापरणेच सुटले, तर शोभेने वस्तू गिळली असे म्हणावे लागेल.

परंतु एक फेरफार निराळ्या जातीचा आहे. मिटता चाकू हा तलवार-कट्यारीच्या कुळातला असला तरी त्याने एक नवी गोष्ट पत्करली आहे: तो आपली धार आपल्याच मुठीत लपवून माणसांत वावरतो. तो उघडण्यास दोन हात आणि क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणात विचारास जागा आहे. दाबताच उघडणारा खटका बसविला की तो क्षण नाहीसा होतो. उत्तर प्रदेशातील रामपूरच्या कारागिरांचे कसब खरोखर उत्तम. पण हिंदी चित्रपटांनी रामपुरी चाकूच्या खटक्याचा आवाज धमकीचा आवाज करून टाकला. १९६२ च्या शस्त्र नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत गणले. परंतु घरकाम, शेती, शास्त्र आणि उद्योग ह्यांसाठी घडविलेले चाकू त्यांतून वगळले. म्हणजे कायद्यानेही केवळ इंच मोजले नाहीत, हेतूही पाहिला. चाकूचा हेतू पालटणारा बदल केला, तर पाते व मूठ जुनीच असूनही तो चाकू दुसरा झाला.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जेथे एका पिकाच्या नुकसानीने घर हलते, तेथे लाखाच्या चाकूची चर्चा करणे शोभते काय? सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी उरात मारून घेत नाही, ही म्हण आपलीच आहे. आमचे उत्तर असे की, उत्तम पोलादाचे प्रेम ह्या भूमीस परके नाही. बीदरपासून फार दूर नसलेल्या, तेलंगणातील कोनसमुद्रम् येथे मुशीत पोलाद पिकविणारे कारागीर होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसी ह्या संशोधकाने त्यांचे काम पाहून वर्णिले. इराणातील व्यापारी ते पोलाद घेण्यासाठी इतक्या लांब येत असत. तेव्हा चांगली वस्तू हवीशी वाटणे हा दोष नव्हे. दोष आहे तो किंमत आणि निगा ह्यांची गल्लत करण्यात. दहा हजार रुपये देणे हे एका क्षणाचे काम. दहा वर्षे पाते पुसणे हे दहा वर्षांचे काम. पहिल्याने मालकी मिळते. दुसऱ्याने ती सिद्ध होते. आणि हे दुसरे काम चिंताकीच्या शेतकऱ्यास शंभर रुपयांच्या चाकूवरही करता येते.

भाषेचेही असेच आहे, हे दोन भाषांच्या ह्या मासिकात सांगावयास हरकत नाही. शीवेवरची मराठी कानडी-तेलुगूच्या संगतीत झिजली, असे कोणी खेदाने म्हणतात. कोकणीविषयीही असा सूर निघतो. पण बोलली जाणारी भाषा झिजणारच. पेटीत ठेवलेली भाषा तेवढी झिजत नाही, आणि तिने काही कापलेही जात नाही. आपण पाहावयाचे ते इतकेच की, झीज कामासाठी होत आहे की आपल्या हेळसांडीमुळे होत आहे.

तेव्हा वस्तूंविषयी आपले कर्तव्य आहे काय, ह्या आरंभीच्या प्रश्नास आमचे उत्तर होकारार्थी आहे. तिला तिचे काम द्यावे. त्या कामापायी होणारी झीज मान्य करावी. आणि ती झीज आपल्या आळसाने, घाईने वा मिरवण्याच्या हौसेने वाढू देऊ नये. असे वागवलेले पाते एक दिवस संपेल, ह्यात शंका नाही. पण ते संपेपर्यंत चाकूच राहील.