'द फ्रेंच कनेक्शन'चे पाठभेद

२००९ साली 'द फ्रेंच कनेक्शन'ची ब्लू-रे बाजारात आली आणि ज्या माणसाने हा चित्रपट कॅमेऱ्यात टिपला होता, त्यानेच ती जाहीरपणे नाकारली. छायालेखक ओवेन रॉइझमन यांचे म्हणणे असे, की रंग बदलताना आपल्याला कोणी विचारले नाही, आणि जे दिसते आहे ते आपण चित्रित केलेले नाही. रंग बदलणारा कोणी परका तंत्रज्ञ नव्हता. खुद्द दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी ते बदलले होते. एका चित्रपटाचे दोन कर्ते, आणि त्यांच्यात वाद चित्रपट दिसायला कसा होता याचा.

चित्रपट १९७१चा. न्यूयॉर्क पोलिसांतले एडी इगन आणि सनी ग्रोसो यांनी केलेल्या हेरॉइनच्या तपासावर रॉबिन मूर यांनी पुस्तक लिहिले होते, त्यावर तो आधारलेला आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, संकलन आणि रूपांतरित पटकथा अशी पाच ऑस्कर त्याला मिळाली. पण इतकी वर्षे लोक त्याच्या मागे लागले ते पारितोषिकांमुळे नव्हे. हा चित्रपट दिसतोच वेगळा. ब्रुकलिनच्या उंचावरून धावणाऱ्या रेल्वेखालून जीन हॅकमन गाडी पिटाळतो तो पाठलाग सगळ्यांना ठाऊक असतो. त्याहून खोलवर रुतते ती त्या शहराची कळा: ओले डांबर, धुरकट आभाळ, बारमधला मळकट उजेड.

ही कळा विचारपूर्वक आणलेली होती. फ्रीडकिन माहितीपटांतून आलेले. कोस्टा-गाव्रास यांचा 'झी' पाहून त्यांना कळले, की कथापटही घटना घडताना पकडल्यासारखा चित्रित करता येतो. हाती कॅमेरा होता एन्रिके ब्राव्हो या क्यूबन कॅमेरामनच्या. फ्रीडकिन त्यांना तालीम पाहू देत नसत, म्हणजे पात्र कुठे वळेल हे कॅमेऱ्याला आधी माहीत नसे. रॉइझमन यांनी बव्हंशी जागेवरच्या उजेडात काम भागवले. उजेड कमी, फिल्म आजच्या मानाने मंद. म्हणून ती प्रयोगशाळेत नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतली गेली. त्यातून ग्रेन, म्हणजे चित्रातला रवाळपणा, वाढला, सावल्या खरखरीत झाल्या. तो ग्रेन दोष समजून पुसायला गेलात, तर चित्रपटाची कातडीच निघून येईल.

२००९च्या आवृत्तीसाठी फ्रीडकिन यांनी चित्रपटाची एक कृष्णधवल प्रत तयार करवली. रंगांचा थर वेगळा काढून तो किंचित धूसर केला आणि त्या कृष्णधवल चित्रावर बसवला. प्रेरणा होती जॉन ह्यूस्टन यांच्या १९५६च्या 'मॉबी डिक'ची. तिथे ओस्वाल्ड मॉरिस यांनी रंगीत आणि कृष्णधवल प्रतिमांचा मेळ घालून जुन्या खोदचित्रांसारखा परिणाम साधला होता. 'मॉबी डिक'ला तो शोभला, कारण तो चित्रपट त्याच रूपात जन्मला होता. 'फ्रेंच कनेक्शन' अडतीस वर्षे दुसऱ्याच रूपात लोकांच्या मनात मुरलेला होता. नव्या आवृत्तीत रंग आपल्या कडा सोडून बाहेर सांडतात, चेहरे निळसर होतात आणि उजेड-अंधारातल्या मधल्या छटा नाहीशा होतात.

एकच प्रसंग घेऊ. फर्नांदो रे याने साकारलेला फ्रेंच तस्कर शार्निए एका उबदार रेस्तराँमध्ये सावकाश जेवतो आहे. रस्त्यापलीकडे, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, हॅकमनने साकारलेला पोलीस डॉइल पिझ्झाचा तुकडा चावत कागदी पेल्यातली कॉफी पितो आणि ती फेकून देतो. या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीच. गुन्हेगार आणि पोलीस यांच्यातले वर्गाचे अंतर, डॉइलची भूक, त्याचा हेवा, हे सगळे रंगांतूनच कळायचे आहे: आत मधाळ पिवळा उजेड, बाहेर राखाडी. सगळीकडे सारखाच निळसर गारठा आणला की आतली ऊब विझते, आणि डॉइल नेमका कशापासून वंचित आहे हे प्रेक्षकाला दिसेनासे होते. सुरुवातीच्या मार्सेयच्या प्रसंगांचेही तेच. भूमध्य समुद्रकाठचे ऊन आणि न्यूयॉर्कचा हिवाळा यांच्यातला विरोध हा त्या कथेचा कणा आहे.

फ्रीडकिन यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९७१ साली हे तंत्र हाती असते तर तेव्हाच वापरले असते, असे त्यांना वाटत होते. शिवाय मूळ रंग म्हणजे नेमके कोणते, हे सांगणे फिल्मच्या बाबतीत सोपे नसते. निगेटिव्हवरून प्रिंट काढताना लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाचे प्रमाण ठरवावे लागते. प्रत्येक खेपेला थोडा फरक पडतो, आणि जुन्या प्रिंटचे रंग काळाबरोबर उडत जातात. तरीही कर्त्याची साठीसत्तरीतली इच्छा आणि त्याची पस्तिशीतली कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रॉइझमन, ब्राव्हो, संकलक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी मिळून केलेली गोष्ट एकट्या दिग्दर्शकाच्या पुनर्विचाराने रद्द होत नाही. २००९ची आवृत्ती ही त्या चित्रपटाबद्दल फ्रीडकिन यांनी चार दशकांनी केलेली टिप्पणी आहे. टिप्पणी म्हणून ती रोचक आहे. चित्रपटाची जागा तिला देता येत नाही.

टीका वाढत गेली आणि २०१२ साली नवी ब्लू-रे निघाली. या वेळी फ्रीडकिन आणि रॉइझमन यांनी एकत्र बसून रंग ठरवले. रेस्तराँचा उजेड परत उबदार झाला, चेहऱ्यांना कातडीचा रंग आला, ग्रेन जागच्या जागी राहिला. माझ्या मते घरी पाहण्यासाठी याहून चांगली आवृत्ती निघालेली नाही. २००१ची दोन डिस्कची डीव्हीडी रंगांच्या बाबतीत प्रामाणिक होती, पण डीव्हीडीच्या मर्यादित तपशिलात तो ग्रेन नीट मावत नाही.

इथवरची तुलना चित्रपटवेड्यांच्या कामाची म्हणून सोडून देता आली असती. २०२३मध्ये जे घडले त्यामुळे ती तशी सोडता येत नाही. त्या वर्षी जूनमध्ये प्रेक्षकांच्या लक्षात आले, की क्रायटेरियन चॅनेल या प्रवाही सेवेवर दिसणाऱ्या प्रतीतून काही सेकंद गायब आहेत. पोलीस ठाण्यातला सुरुवातीचा प्रसंग. एका कृष्णवर्णीय संशयिताने डॉइलचा सहकारी रुसो याच्यावर चाकू चालवलेला आहे. डॉइल त्या संशयिताच्या वंशाला अपशब्द वापरतो. रुसो सुचवतो, की हल्लेखोर गोराही असू शकला असता. त्यावर डॉइल म्हणतो, कोणावरच विश्वास ठेवू नये. एवढाच संवाद नव्या प्रतीत नव्हता. काय कापले, कोणी कापले, का कापले, यातले काहीही पडद्यावर सांगितलेले नव्हते. चित्रपटाचे हक्क २०१९मध्ये फॉक्सबरोबर डिस्नेकडे गेलेले. रॉइझमन २०२३च्याच जानेवारीत वारले होते. फ्रीडकिन ऑगस्टमध्ये गेले.

तो शब्द घृणास्पद आहे, आणि म्हणूनच तो तिथे आहे. डॉइल वंशद्वेष्टा आहे, हे चित्रपट पहिल्या काही मिनिटांतच बजावतो, कारण पुढे प्रेक्षक त्याच्याबरोबर धावणार आहे, त्याच्या बाजूने श्वास रोखणार आहे. शेवटी हाच माणूस अंधारात आपल्याच बाजूच्या एका सरकारी अधिकाऱ्याला गोळी घालतो आणि क्षणभरही न थांबता पुढे जातो. शार्निए मात्र निसटतो. कायद्याचा रक्षक म्हणवणाऱ्या माणसाच्या अंगी केवढे विष असू शकते, हे सांगणारा हा चित्रपट आहे. सुरुवातीचा तो संवाद काढला की डॉइल थोडा स्वच्छ होतो, आणि शेवटाची धार बोथट होते. कृष्णवर्णीय प्रेक्षकाचा मान राखण्यासाठी हे केले असेल, तर त्यातून राखली गेली ती पोलिसाची अब्रू.

म्हणून माझे म्हणणे काहींना उलटे वाटेल: २००९ची बिघडलेली ब्लू-रे २०२३च्या स्वच्छ दिसणाऱ्या प्रतीपेक्षा अधिक सचोटीची आहे. आपण काय केले हे फ्रीडकिन यांनी त्याच डिस्कवरच्या एका छोट्या माहितीपटात दाखवले होते. लोकांनी ते पाहिले, जुनी डीव्हीडी शेजारी ठेवून पडताळले, भांडले, आणि त्या भांडणातून २०१२ची आवृत्ती आली. दोन्ही प्रती लोकांच्या घरात होत्या म्हणूनच हे शक्य झाले. प्रवाही सेवेवरची जुनी प्रत बदलली, की पडताळायला मागे काही उरत नाही.

प्रती ताडून पाहण्याचा हा विचार मराठी वाचकाला नवा वाटू नये. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती नकलांमध्ये शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६मध्ये ते पुरे केले. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली, संहिता निश्चित केली आणि सोडलेले पाठ तळटीपांत छापले. संपादकाचा निर्णय पटला नाही तर वाचक खाली पाहून आपला निर्णय घेऊ शकतो. चित्रपटाच्या आवृत्तीकडून मी एवढीच अपेक्षा करतो.

आपल्याकडे सेन्सॉर मंडळावर कितीही राग असला, तरी त्याच्या प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात कापलेल्या जागांची नोंद असते. ती नोंद असते म्हणून पुढे कोणी जाब विचारू शकतो. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेला 'शोले' २०२५मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासह दाखवला गेला. आणीबाणीत सेन्सॉरमुळे बदलावा लागलेला तो शेवट पन्नास वर्षांनी परत आला. बदललेला शेवटही जपला पाहिजे, कारण तो त्या काळाची साक्ष आहे. त्याच वर्षी 'रांझणा'च्या तमिळ आवृत्तीचा शेवट हक्कधारक कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने बदलून ती पुन्हा प्रदर्शित केली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष यांनी उघड विरोध केला. प्रदर्शन थांबले नाही. हक्क विकत घेतले म्हणजे कृतीही विकत घेतली, ही समजूत आता आपल्या दाराशी आली आहे.

तिला उत्तर द्यायला मोठ्या कायद्याची वाट पाहायला नको. प्रत्येक आवृत्तीच्या आरंभी, मग ती डिस्कवर असो वा प्रवाही सेवेवर, तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: ही प्रत कोणत्या सामग्रीवरून केली, रंग आणि ध्वनी कोणाच्या देखरेखीखाली ठरले, आणि काय वगळले वा बदलले. हे बंधनकारक करण्याची मागणी अभ्यासकांनी, फिल्म सोसायट्यांनी आणि वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकांनी केली पाहिजे.

'द फ्रेंच कनेक्शन' पहिल्यांदाच पाहणार असाल तर २०१२ची ब्लू-रे मिळवा. आणि घरात २००१ची डीव्हीडी किंवा २००९ची ती वादग्रस्त आवृत्ती असेल, तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. तो संवाद त्या तिन्हींत शाबूत आहे.