मी गेले, मी गेलो

एका तरुण लेखिकेने तिच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित मला वाचायला दिलं. त्याआधी ते एका लेखन-कार्यशाळेतून फिरून आलं होतं. एका परिच्छेदावर तांबड्या शाईची रेघ होती. मजकूर असा: ‘सुमन उंबऱ्यातच थबकली. आता कुठल्या तोंडाने आत जाऊ? दादा ओसरीवरच बसलेला असणार.’ समासात शेरा होता: ‘दृष्टिकोन घसरला. निवेदन तृतीयपुरुषी आहे, मग “जाऊ” कुणाचं?’ मुलीने निमूटपणे बदल केला: ‘आता कुठल्या तोंडाने आत जावं, असा तिला प्रश्न पडला.’ नियम पाळला गेला आणि सुमन मेली.

अलीकडे हा नियम सगळीकडे ऐकू येतो. एक प्रकरण, एक पात्र, एक सर्वनाम. मध्ये बदल केला तर चूक. त्याचं मूळ हेन्री जेम्सच्या प्रस्तावनांत आहे. पर्सी लबकने 1921 साली त्याला शिस्तीचं रूप दिलं. 1927 साली ई. एम. फॉर्स्टरने डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’चा दाखला देऊन सांगितलं की वाचक सोबत येत असेल तर लेखकाने खुशाल जागा बदलावी. फॉर्स्टर मागे पडला, शिस्त तेवढी उरली.

ही शिस्त इंग्रजीच्या व्याकरणावर बेतलेली आहे. दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात घेताना इंग्रजी त्याच्या ‘मी’चा ‘तो’ करते. मराठीला त्याची गरज पडत नाही. ‘बाबा म्हणाले की मी उद्या येतो’ या वाक्यात येणार आहेत ते बाबाच, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. आपल्या तृतीयपुरुषी वाक्याच्या पोटात दुसऱ्याचा ‘मी’ जन्मापासूनच असतो. सुमनचं ‘जाऊ’ ही घसरण नव्हती. आपली आजी गोष्ट सांगते ती अशीच.

आपल्या कादंबरीचा इतिहास आपण वाचतो तोही सर्वनामांच्या हिशेबानेच. बाबा पदमनजींपासून सुरुवातीची वर्षं भराभर ओलांडून हरिभाऊ आपट्यांपाशी थांबायला हवं, कारण सगळी गफलत तिथे होते. त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. हरिभाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. वाचकाला कळवळा यावा म्हणून त्यांनी नायिकेला, यमूलाच बोलायला लावलं, असं अभ्यासक्रमात शिकवतात. मला ते पटत नाही. कळवळ्यासाठी आणि सुधारणेच्या पुरस्कारासाठी सर्वसाक्षी निवेदक जास्त सोयीचा होता. तो मध्येच थांबून व्याख्यान देऊ शकतो, बंद दाराआड जाऊ शकतो. हरिभाऊंनी ही सोय सोडली. यमूने जे पाहिलं, जे तिच्या कानांवर आलं, जे तिला कुणी सांगितलं, तेवढंच त्यांच्या हाती उरलं. शिकलेल्या पुरुषाला घरात जे सहज कळतं, त्यातलं बरंचसं त्यांनी स्वतःपासून काढून घेतलं.

आणि हे करताना मराठीने त्यांना सूट दिली नाही. इंग्रजीतल्या ‘मी’ला लिंग नाही. मराठीत ‘मी पाहिलं’ म्हणेपर्यंत निभावतं, पण ‘मी गेले’, ‘मी बसले’, ‘मी रडते’ म्हटलं की लिहिणाऱ्याला बाई व्हावंच लागतं. ही कसोटी पानोपानी, अंकामागून अंक चालू होती.

यमूच्या ‘मी’तही दोघी आहेत. एक पोर, जिला घरातल्या गोष्टी उमगत नाहीत. दुसरी ते सगळं भोगून सांगायला बसलेली. कादंबरी त्या दोघींमध्ये सतत ये-जा करते. सर्वनाम तेच राहतं, दृष्टी बदलते. मला हे स्थित्यंतर सर्वांत मोठं वाटतं आणि सर्वनामं मोजणाऱ्याला ते दिसतच नाही.

उलट ‘मृत्युंजय’मध्ये (1967) सहा निवेदक आहेत, आणि दृष्टिकोनाचा प्रयोग म्हणून तिचा गौरव होतो. ती कादंबरी मी विद्यार्थिदशेत रात्र जागून वाचली आहे, तरीही म्हणतो: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण एकाच भरजरी मराठीत बोलतात. नावं झाकली तर कित्येक ठिकाणी वक्ता ओळखता येत नाही. ‘ययाति’त (1959) निवेदक तीनच, पण देवयानीला जे ठाऊक नाही ते शर्मिष्ठेला ठाऊक आहे, म्हणून तिथला पालट खरा ठरतो. ‘कोसला’त (1963) तर एकटा पांडुरंग बोलतो. तरी धाकट्या बहिणीच्या, मणीच्या मरणानंतर जो ‘मी’ बोलतो, त्याचा श्वासच निराळा आहे.

हस्तलिखितं तपासणाऱ्यांना माझी विनंती आहे. सर्वनाम बदललं म्हणून रेघ मारू नका. त्या जागी कुणाला काय ठाऊक आहे, ते बदललं का ते पाहा, आणि वाक्य एकदा मोठ्याने वाचा.

त्या मुलीने ती ओळ पुन्हा पहिल्यासारखी केली आहे.