सही आणि साक्ष

बाळंतपण जोखमीचे आहे असे डॉक्टरांनी सांगितले की घरातल्या सगळ्यांच्या नजरा नवऱ्याकडे वळतात. कोणत्या गावी न्यायचे, शस्त्रक्रिया करायची की वाट पाहायची, पिशवी काढण्याची वेळ आली तर काय सांगायचे, हे सारे त्याने ठरवावे अशी अपेक्षा असते. रुग्णालयातला कागदही बहुधा त्याच्याच पुढे सरकवला जातो. त्या कागदावर तो सही करतो तेव्हा नेमके काय करतो? परवानगी देतो का? आणि देत असेल, तर दुसऱ्याच्या देहाविषयी परवानगी देण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला? हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटतो. माझ्या मते तो नीतीचा आहे आणि आपल्या घराघरांत त्याची मोकळेपणाने चर्चा व्हायला हवी.

कायद्यापुरते बोलायचे तर उत्तर स्पष्ट आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची संमती कायदा मागत नाही. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असाच निर्वाळा दिला. त्या भूल दिलेल्या अवस्थेत असताना डॉक्टरांनी त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढले होते. रुग्ण सज्ञान असेल आणि तिला शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य असेल, तर नातेवाइकांची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करावे लागले तर ती गोष्ट वेगळी. तरीही प्रत्यक्षात नवऱ्याची सही मागितली जाते. पुढे वाद नको, ही डॉक्टरांची काळजी त्यामागे असते. मात्र त्या सहीने नवऱ्याचा असा समज होतो की निर्णय आपलाच आहे.

मी शिरूरचा. नोकरी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत. पत्नीचे माहेर दौंड. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. २०१७ साली दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा सोनोग्राफीत वार खाली असल्याचे निघाले. पहिली मुलगी शस्त्रक्रियेने झालेली, आणि वार नेमकी त्या जुन्या टाक्यांवर आलेली. अशा वेळी वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसण्याचा धोका असतो. ती सुटत नाही, रक्तस्राव आवरत नाही आणि आईचा जीव वाचवण्यासाठी कधीकधी गर्भाशयच काढावे लागते. डॉक्टरांनी हे आम्हा दोघांना समोर बसवून समजावले. रक्ताचा भरपूर साठा, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच छताखाली असेल तेथेच बाळंतपण करा, असे त्यांनी बजावले. शिरूर काय आणि दौंड काय, दोन्ही गावांपासून पुणे सत्तर-ऐंशी किलोमीटर. रक्त वाहू लागल्यावर निघायचे म्हटले तर हे अंतर फार होते.

त्या रविवारी दौंडला बैठक बसली. बाळंतपण माहेरीच व्हावे, असा थोरांचा आग्रह. पिशवी गेली तर पुढे मुलगा कसा होणार, ही कुणी स्पष्ट न बोललेली पण सगळ्यांच्या मनातली चिंता. मेहुणा म्हणाला, "दुल्हाभाई, तुम्ही म्हणाल ते." जिच्याविषयी हे चालले होते ती आत चपात्या लाटत होती. मी आत गेलो आणि तिला विचारले. आधी ती म्हणाली, "तुम्ही ठरवाल तसं." मी पुन्हा विचारले. मग लाटणे बाजूला ठेवून ती म्हणाली, "पोरगी एकटी राहिली तरी चालेल, आईवाचून राहायला नको. पिशवी काढावी लागली तर काढू द्या. डॉक्टरांना मीच सांगते. तुम्ही फक्त तेव्हा दुसरं काही बोलू नका."

तिने तसे सांगितले. डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिले, तिने सही केली आणि खाली साक्षीदार म्हणून मी केली. चौतिसाव्या आठवड्यात आम्ही हडपसरला एका नातेवाइकाकडे मुक्काम हलवला. बाळाच्या फुप्फुसांना बळ यावे म्हणून तिला इंजेक्शने दिली गेली. ही पद्धत न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी या दोघा डॉक्टरांनी १९७२ साली जगापुढे आणली आणि तेव्हापासून अपुऱ्या दिवसांच्या असंख्य बाळांना तिचा उपयोग झाला आहे. कारखान्यातले मित्र रक्त देऊन गेले. शस्त्रक्रियेच्या दिवशी जे भय होते तेच घडले. डॉक्टर दाराशी येऊन म्हणाले, "पिशवी काढावी लागते आहे." शेजारून कुणीतरी पुटपुटले, "जरा थांबायला सांगा." मी डॉक्टरांना एवढेच म्हणालो, "तिने सांगितलंय तसं करा." पुढचे दोन तास माझ्याकडे करण्यासारखे काहीच नव्हते. बाप होऊ घातलेल्या माणसाला अशा वेळी हात असूनही ते कशालाच लावता येत नाहीत. दुआ करायची आणि दार उघडण्याची वाट पाहायची.

दोघीही वाचल्या. मुलगी नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. तिच्या कानात अजान देण्यासाठी मला दुसऱ्या दिवशी दोन मिनिटे आत सोडले. पुढे नातलग म्हणू लागले, "धीराचा निर्णय घेतलास." हे कौतुक मला घेता आले नाही. निर्णय तिचा होता. तो तिच्या तोंडून ऐकलेला असल्यामुळे मला त्या दाराशी थांबून विचार करावा लागला नाही.

हे केवळ आमच्या घरापुरते नाही. थॅडियस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ साली मातामृत्यूंमागील तीन विलंब सांगितले: मदत घ्यायची हे ठरवण्यातला, रुग्णालयात पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. दुसरा आणि तिसरा विलंब कमी करणे हे सरकारचे काम आहे, आणि त्यात बरीच प्रगती झाली आहे. २००४-०६ मध्ये महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. पहिला विलंब मात्र घरात होतो. नवरा कामावरून येईपर्यंत, सासऱ्यांना विचारेपर्यंत जो वेळ जातो, त्यावर कोणतीही रुग्णवाहिका उपाय करू शकत नाही.

या ठिकाणी तकदीरचा आधार घेतला जातो. बाळंतपणात गेलेल्या स्त्रीला शहीदाचा दर्जा आहे, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. हा दिलासा मोलाचा आहे. पण तो सर्व प्रयत्न करूनही जिला वाचवता आले नाही तिच्या माणसांसाठी आहे. तो आधीच हाताशी धरून हलगर्जी करणे हा त्या वचनाचा अवमान होय. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहेच. आई आणि गर्भ यांतून एकाचाच जीव वाचणार असेल तर आईचा वाचवावा, कारण ती मूळ आहे आणि गर्भ फांदी, असे अनेक आलिमांनीही सांगितले आहे.

नवऱ्याच्या हाती निर्णय नसतानाही त्याचे काम किती मोठे असू शकते, हे बेळगावच्या सविता हलप्पनवार यांच्या बाबतीत दिसले. दंतवैद्य असलेल्या सविता आयर्लंडमध्ये राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, गर्भ टिकणार नाही हे कळल्यावर त्यांनी गर्भपाताची मागणी केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग होऊन २८ ऑक्टोबरला त्या वारल्या. पती प्रवीण यांना काहीच ठरवता आले नव्हते. त्यांनी एवढे केले की सविता यांनी काय मागितले आणि त्यांना काय उत्तर मिळाले, ते जगाला सांगितले. त्या मृत्यूने तो देश हादरला. मे २०१८ मध्ये तेथील जनतेने सार्वमताने राज्यघटनेतील गर्भपातबंदीचे कलम रद्द केले.

यावर कुणी विचारील, पत्नीच म्हणाली की माझे काहीही होवो, बाळ वाचवा, तर? नवऱ्याने तिच्याशी वाद घालावा, विनवावे, रडावे. तेवढा हक्क त्याला आहे. पण हे सारे तिच्यासमोर आणि वेळेआधी व्हावे. ती भुलेखाली असताना तिच्यामागे नव्हे. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. आपल्या मुलींना "तुम्ही म्हणाल तसं" एवढेच बोलायला आपण शिकवले आहे. म्हणून एकदा विचारून भागत नाही. सासू, आई, नणंद जवळ नसताना पुन्हा विचारावे लागते, आणि जे उत्तर येईल ते ऐकण्याची तयारी ठेवावी लागते.

आपल्या धर्मात साक्षीला मोठे मोल आहे. ती लपवणे पाप मानले आहे. जोखमीच्या बाळंतपणात बापाचे स्थान मला साक्षीदाराचे वाटते. पत्नीचे म्हणणे ही त्याच्याकडे ठेवलेली अमानत असते आणि ती बोलू शकत नसेल तेव्हा ती जशीच्या तशी पोहोचवणे हे त्याचे काम. सातव्या महिन्यात आपण हौसेने सतवासा करतो, ओटी भरतो, हिरव्या बांगड्या घालतो. त्याच महिन्यात तिला एवढेही विचारावे की वेळ आलीच तर तुझे काय म्हणणे आहे, आणि ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.