हिऱ्याची ओळख आणि प्रकाशाचा रंग

हा लेप खरंच हिऱ्याचा आहे का? कृत्रिम हिऱ्याच्या थरांवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न सुरुवातीपासून छळत आला. १९५२ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम एव्हरसोल यांनी प्रचंड दाबाशिवाय, कार्बनयुक्त वायूतून हिरा वाढवला. पुढे मॉस्कोत देर्यागिन आणि स्पित्सिन त्याच वाटेने गेले. पण वाढ अतिशय मंद होती आणि हिऱ्यासोबत ग्रॅफाइटही साचायचं, त्यामुळे बहुतेकांनी मनावर घेतलं नाही.

चित्र पालटलं ते १९८२ नंतर. जपानमध्ये त्सुकुबाच्या संशोधकांनी हायड्रोजनमध्ये थोडासा मिथेन मिसळून तो अतितप्त तारेवरून सोडला आणि जवळच्या तापलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्म हिरे धरू लागले. सुटा अणुरूप हायड्रोजन ग्रॅफाइट झपाट्याने खाऊन टाकतो, हिऱ्याला फारसा हात लावत नाही, हे त्यामागचं इंगित. आणि ते हिरेच आहेत हे पटवायला एक रेषा तयार होती : १३३२ प्रति सेंटिमीटर.

ही रेषा आपल्याकडची. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात रामन परिणाम हाती आला आणि १९३० मध्ये सी. रामस्वामी यांनी हिऱ्याची ही रेषा नोंदवली. विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग अणूंच्या कंपनांना ऊर्जा देऊन, रंग बदलून परततो; त्या बदलावरून पदार्थ ओळखता येतो. हिऱ्याचा बदल एकच आणि कमालीचा रेखीव. ग्रॅफाइटचा १५८० च्या आसपास. मग आलेखात या दोन रेषांच्या जागी दिसणाऱ्या शिखरांची उंची ताडून लेपाची शुद्धता सांगण्याचा रिवाज पडला.

इथेच खरी मेख होती. हिरव्या लेसरखाली ग्रॅफाइटसारखा कार्बन हिऱ्याच्या सुमारे ५० पट जोरात प्रतिसाद देतो. त्यामुळे चांगला लेपही मळका वाटतो. तोच नमुना अतिनील लेसरखाली धरला, की हिऱ्याची रेषा वर उठते. म्हणून लेसरची तरंगलांबी न सांगता दिलेला शुद्धतेचा आकडा मी तरी ग्राह्य धरणार नाही.

याचा सर्वांत सुंदर दाखला ११५० च्या शिखराचा. काही नॅनोमीटरच्या कणांनी बनलेल्या लेपांत ते दिसायचं आणि बरीच वर्षं ते नॅनो-हिऱ्याचीच खूण मानलं गेलं. २००१ मध्ये फेरारी आणि रॉबर्टसन यांनी लेसरचा रंग बदलून पाहिलं. शिखर जागेवरून सरकलं. हिऱ्याची रेषा अशी सरकत नाही. त्यांनी म्हटलं, ही कणांच्या सीमांवर अडकलेल्या कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्यांची खूण आहे. पुढे इतरांनी हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम वापरून लेप वाढवला, तेव्हाही ते शिखर ११५० ला थांबलं नाही. शुद्ध हिऱ्याची जाळी नुसत्या कार्बनची. हायड्रोजन बदलल्याने तिच्या कंपनाला फरक पडायचं कारणच नव्हतं.