कापलेल्या शिळेचे पावित्र्य

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील तिमारू या बंदराच्या शहरात डिसेंबर २०१० मध्ये सुरू झालेले ‘ते आना’ हे केंद्र माओरी शैलचित्रांना वाहिलेले असून, त्यामागचा न्यास न्गाई ताहू या तेथील माओरी समूहाचा आहे. येथे मांडलेल्या मूळ चित्रांपैकी काही चुनखडीच्या कड्यांतून कापून आणलेली आहेत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जे. एल. एल्मोर या संग्राहकाने चित्रे झिजून नाहीशी होतील या भीतीने शिळाच कापल्या, आणि त्यातूनच पावित्र्य चित्रात असते की स्थळात, हा प्रश्न उभा राहतो.

कोळशाची पूड किंवा ‘कोकोवाई’ म्हणजे लाल गेरू चरबीत कालवून ही चित्रे काढली गेली. पुष्कळ मानवाकृतींत धडाच्या मधोमध एक उभी पट्टी न रंगवता सोडलेली दिसते. तिचा खात्रीलायक अर्थ आज कोणी सांगू शकत नाही, तरीही चित्रे ‘तापु’, म्हणजे मर्यादा पाळूनच जवळ जाण्याजोगी पवित्र, मानली जातात. ‘फाकापापा’ या वंशावळीच्या कल्पनेत माणसांबरोबर डोंगर आणि नद्याही नात्याने बांधलेल्या असल्यामुळे कडा हा पूर्वजांच्या परिवारातला ठरतो, चित्राची नुसती पार्श्वभूमी नव्हे. एल्मोरची चूक हेतूची नसून तत्त्वाची होती, कारण त्याने चित्र ही सुटी करता येणारी वस्तू मानली. अर्थात त्या तुकड्यांपैकी काही जागेवर राहते तर आज उरलेही नसते, हे कबूल केलेच पाहिजे.

थिओ स्कून या चित्रकाराचे उदाहरण अधिक अवघड आहे. १९४० च्या दशकात सरकारी कामासाठी चित्रांच्या प्रतिकृती करताना त्याने पुसट रेषा मेणखडूने गडद केल्या, आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्याला त्याबद्दल दोष दिला. परंतु ती रेषा वंशजाने ओढली असती तर तिला विद्रूपीकरण म्हणायचे की परंपरेचे सातत्य, याचे उत्तर मूळ रंगद्रव्य जपणारे शास्त्र देऊ शकत नाही, कारण येथे प्रश्न अधिकाराचा आहे. शिवाय परंपरा गोठलेली नव्हती. वाइताकी खोऱ्यातील ताकिरोआ येथे युरोपीयांची शिडाची जहाजेही रेखाटलेली आहेत.

त्याच खोऱ्यातील काही चित्रस्थळे १९६० च्या दशकात बेनमोर आणि आविमोर या धरणांच्या जलाशयांत बुडाली. चित्रालाच सर्वस्व मानणाऱ्या संग्राहकाच्या हिशेबी ती संपली. परंतु वंशावळीत नदीलाही स्थान असेल तर पाण्याखालच्या कड्याशी असलेले नाते तुटले असे म्हणण्यास आधार उरत नाही, आणि मग तिमारूच्या दालनातली कोरडी, सुरक्षित शिळा व ती बुडालेली स्थळे यांपैकी आपल्या जागेपासून खरोखर दुरावले कोण, हे ठरवणे वाटते तितके सोपे राहत नाही.